वेष्टनाची पुढची बाजू : अन्न सुरक्षा प्राधिकरणाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य



मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजन उतरवायला आलेली बँकेतली बाई, मॅरेथॉनची तयारी करणारा अभियंता, "हा काही खातच नाही हो" म्हणत मुलाला पुढे करणारी आई, गुडघ्यांनी बेजार झालेले सत्तरीचे आजोबा. यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण हल्ली सगळे एकच गोष्ट विचारतात : प्रोटीन बार खाल्ला तर चालेल का? उत्तर देण्यासाठी मला दर वेळी तो बार हातात घ्यावा लागतो, उलटा करावा लागतो आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत जे छापलेलं असतं, त्यावरून उत्तर देता येत नाही. पुढच्या बाजूला काय छापता येतं आणि काय येत नाही, हे आपलं प्राधिकरण ठरवतं. म्हणून हे पत्र कंपन्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

बारशी माझं वैर नाही, हे आधीच सांगते. पहाटे सिंहगड चढून तिथूनच ऑफिस गाठणाऱ्याला, बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या नर्सला, दोन घासांनंतर ताट सरकवणाऱ्या वृद्धाला पिशवीत टाकता येईल आणि दोन मिनिटांत खाता येईल असं काही तरी लागतं. चांगला बार ती सोय करतो. व्हे, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या निवळीतलं प्रथिन, उत्तम प्रतीचं असतं. आजारातून उठलेल्या काही जणांना मी स्वतः बार सुचवलेले आहेत.

प्रथिनांची गरजही खोटी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या देशात रोजच्या ऊर्जेपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येते आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असं त्यात दिसलं. ताटात भाताचा डोंगर आणि त्यावर पळीभर पातळ वरण, हे चित्र आम्ही रोज पाहतो. लोकांना आता कुठे प्रथिनांची जाणीव व्हायला लागली आहे, आणि ती व्हावी म्हणून माझ्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला आहे. त्या जाणिवेच्या बळावर बाजारात जे विकलं जातं ते खरोखर प्रथिनांचं आहे की नाही, हे पाहणारं कुणी तरी हवं. कायद्याने ते काम आपलं आहे.

आता नियमाकडे येते. जाहिराती आणि दाव्यांविषयीच्या आपल्या २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅम घन पदार्थात रोजच्या शिफारशीच्या २० टक्के प्रथिनं असली, की त्यावर 'हाय प्रोटीन' किंवा 'प्रोटीन रिच' असं लिहिता येतं. प्रौढ पुरुषासाठी दिवसाला ५४ ग्रॅमची शिफारस धरली तर हा उंबरठा होतो १०.८ ग्रॅम. शंभर ग्रॅममध्ये अकरा ग्रॅमसुद्धा नाहीत! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते उघडून पाहिले तर बाजरीत साधारण एवढीच प्रथिनं असतात. तुरीच्या, मुगाच्या, मसुराच्या, हरभऱ्याच्या कोरड्या डाळीत २१ ते २४ ग्रॅम असतात आणि शेंगदाण्यात २३ च्या वर. म्हणजे ज्या उंबरठ्यावर बाजरीचं पीठ उभं आहे, तो ओलांडला की बारच्या वेष्टनावर सोनेरी अक्षरं छापायची मुभा मिळते.

शिवाय बार शंभर ग्रॅमचा नसतो. तो तीस, पस्तीस, पन्नास, फार तर साठ-सत्तर ग्रॅमचा असतो. तीस ग्रॅमच्या बारमध्ये या उंबरठ्याने प्रथिनं येतात सव्वातीन ग्रॅम, म्हणजे अर्ध्या अंड्याएवढी. तो विकत घेणाऱ्याच्या हे ध्यानीमनीही नसतं. त्याच्या हातात एक बार असतो, त्यावर 'हाय प्रोटीन' लिहिलेलं असतं आणि तो समजतो की आजची सोय झाली.

याच नियमात आणखी एक वाट आहे, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथे आहे. दर १०० कॅलरींमागे शिफारशीच्या १० टक्के, म्हणजे ५.४ ग्रॅम प्रथिनं असली तरी हाच दावा करता येतो. ही कसोटी चांगली आहे, कारण प्रथिनांच्या बदल्यात किती साखर आणि किती चरबी पोटात जाते, हे ती पाहते. युरोपीय संघातही अशीच कसोटी आहे : एकूण ऊर्जेच्या किमान २० टक्के ऊर्जा प्रथिनांतून आली, तरच 'हाय प्रोटीन' म्हणता येतं. आपल्याकडे मात्र या दोन कसोट्यांच्या मध्ये 'किंवा' आहे. वजनाची कसोटी सोपी आणि ऊर्जेची अवघड, मग कंपनी कोणती निवडणार? बारसारखा घट्ट, कोरडा, कॅलरींनी ठासून भरलेला पदार्थ वजनाच्या कसोटीला सहज उतरतो आणि ऊर्जेच्या कसोटीला पडतो.

एक बार समोर ठेवूनच लिहिते. नाव सांगत नाही, कारण अशा बारांची रांग आहे. वजन ५० ग्रॅम. पुढे मोठ्ठ्या आकड्यांत '१० ग्रॅम प्रोटीन', शेजारी बदाम आणि चॉकलेटचं चित्र, खाली 'नो ॲडेड शुगर'. मागे : ऊर्जा २१० किलोकॅलरी, प्रथिनं १० ग्रॅम, कर्बोदकं २६ ग्रॅम, त्यांपैकी साखर १५ ग्रॅम, चरबी ८ ग्रॅम. शंभर ग्रॅममागे २० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे वजनाचा उंबरठा जवळजवळ दुपटीने ओलांडला. पण शंभर कॅलरींमागे प्रथिनं भरतात पाचाच्याही आत. ऊर्जेचा पाचवा भागसुद्धा प्रथिनांचा नाही. उरलेल्या चार भागांहून जास्त कर्बोदकं आणि चरबी. हाच बार युरोपात 'हाय प्रोटीन' म्हणून विकता आला नसता. इथे तो विकला जातो, आणि आपल्या नियमांत बसतो.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा आला होता. बीड जिल्ह्यातला, पोलीस भरतीची तयारी करणारा. इथे कॉट बेसिसवर राहतो, पहाटे मैदानावर सोळाशे मीटर धावतो, गोळा फेकतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो. वजन वाढत नाही, धाप लागते, थकवा येतो, ही तक्रार. काय खातोस विचारलं तर म्हणाला, "मॅडम, दोन बार खातो रोज. एक रनिंगनंतर, एक संध्याकाळी. बाकी मेस एकच टाइम लावलीय." दुसऱ्या वेळची मेस का सोडली, तर पैसे बारला लागतात. एक बार शंभराच्या आतबाहेर. घरून येणाऱ्या पैशांत मेसचे दोन डबे आणि दोन बार बसत नव्हते, तेव्हा त्याने डबा सोडला. त्याने खिशातून वेष्टन काढून मला दाखवलं. कमावलेल्या शरीराचा एक तरुण त्यावर छापलेला होता.

त्या मुलाने मूर्खपणा केला असं मला मुळीच वाटत नाही. त्याने वेष्टन वाचलं, त्यावर विश्वास ठेवला आणि पोटाला चिमटा घेऊन शरीरासाठी पैसे खर्च केले. सरकारी परवाना क्रमांक असलेल्या पाकिटावर छापलेलं आहे म्हणजे ते खरं असणार, असं एखाद्या होतकरू मुलाने समजायचं नाही तर कुणी समजायचं? दोन बारांच्या पैशांत दोन उकडलेली अंडी, पाव लिटर दूध आणि दोन मुठी फुटाणे-शेंगदाणे आले असते, वर दुसऱ्या वेळच्या डब्यालाही हातभार लागला असता. त्या अंडी-दूध-फुटाण्यांत तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत. त्याच्या दोन बारांत वीस. डाळ आणि भाकरी एकत्र खाल्ली की धान्यात कमी पडणारं लायसिन डाळ पुरवते आणि डाळीत कमी पडणारं मेथिओनिन धान्य पुरवतं, हे त्याला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग घरी आम्ही खातो तेच की." हो, तेच.

राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, एकूण १७. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरकं घेऊ नका, असं त्यांत सरळ सांगितलं आहे. पावडरींमध्ये साखर, गोडवा आणणारी रसायनं, कृत्रिम स्वाद असू शकतात, हेही. एक सरकारी संस्था हे सांगते आणि दुसऱ्या सरकारी संस्थेच्या नियमांनी छापलेलं वेष्टन त्याच मुलाला नेमकं उलटं सांगतं. त्याच्यापर्यंत वेष्टन पोचतं, मार्गदर्शक तत्त्वं पोचत नाहीत.

आता 'नो ॲडेड शुगर'कडे वळते, कारण इथे नवा नियमसुद्धा करायला नको. आहे तो पाळून घेतला तरी पुरे. साखर घातलेली नाही असा दावा करायचा तर आपल्या नियमांत काही अटी आहेत. कुठलीही साखर घातलेली नसावी, मग ती ऊस-बिटाची असो, ग्लुकोज असो, मध असो वा काकवी. साखर असलेला जॅमसारखा घटक नसावा. आणि तिसरी अट अशी, की साखरेच्या जागी वापरलेला, स्वतःच साखर असलेला कोणताही घटक नसावा. या तिसऱ्या अटीत उदाहरणं दिली आहेत : आटवलेला फळांचा रस आणि वाळवलेल्या फळांची पेस्ट.

वाळवलेल्या फळांची पेस्ट. बाजारातल्या कित्येक बारांमध्ये घटकांच्या यादीत पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर खजूर किंवा खजुराची पेस्ट असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा आपलाच नियम आहे, म्हणजे खजूर त्यात भरपूर असतो. तो तिथे का असतो हे सरळ आहे : बार गोड व्हावा आणि चिकटून राहावा म्हणून. खजुराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखर असते. खजुरात तंतू असतात, खनिजं असतात, नुसत्या साखरेपेक्षा तो बरा, हे मला मान्य आहे. आमच्याकडेही बाळंतिणीला खारीक घातलेले डिंकाचे लाडू देतात. पण ते देताना कुणी त्यांना बिनसाखरेचे म्हणत नाही, आणि एकाच बैठकीत चार खायलाही सांगत नाही. मधुमेह असलेल्या माझ्या एक रुग्ण बाई रोज चहाबरोबर असा बार खात होत्या. पुढे 'नो ॲडेड शुगर', मागच्या कोष्टकात 'ॲडेड शुगर : ०'. पंधरा ग्रॅम साखर रोज पोटात जात होती आणि त्यांच्या डायरीत तिची नोंद नव्हती, कारण ती साखर आहे हेच त्यांना कळू दिलं गेलं नव्हतं.

खजुराच्या पेस्टला आपल्या नियमातली तिसरी अट लागू होते की नाही? होत असेल तर हे दावे बाजारात कसे आहेत? होत नसेल तर का नाही? एवढंच मला विचारायचं आहे, आणि याचं उत्तर लेखी आणि जाहीर हवं.

खजूर नसतो तेव्हा माल्टिटॉल असतं. ते गोड असतं, त्यात साखरेच्या साधारण निम्म्या कॅलरी असतात, आणि रक्तातली साखर ते कमी प्रमाणात का होईना वाढवतं. 'शुगर फ्री' वाचून मधुमेही माणूस निर्धास्त होतो, तसं होण्याचं कारण नाही. जास्त झालं तर पोट बिघडतं. म्हणून असे पदार्थ दहा टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर जुलाब होऊ शकतात अशी सूचना छापायला आपण लावता. ती सूचना वेष्टनाच्या शिवणीपाशी, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असते. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की आपला नियम पुरा होतो. मराठीत छापायचं बंधन नाही. जाहिरात मात्र मराठीत असते. सुक्रालोजसारख्या गोडव्यांबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्येच सांगितलं आहे की वजन ताब्यात ठेवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये. चॉकलेटचा जो थर दिसतो तो अनेकदा कोकोच्या लोण्याचा नसून पाम तेलाच्या घट्ट चरबीचा, म्हणजे धंद्यात ज्याला कंपाउंड म्हणतात त्याचा असतो. हे सगळं मागच्या बाजूला छापलेलं असतं, मी नाकारत नाही. पण दुकानात उभं राहून पाकीट उलटं करणारी माणसं किती?

प्रथिनांचा आकडा खरा किती, हाही प्रश्न आहे. प्रयोगशाळेत सहसा नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनं काढतात. नायट्रोजन कुठून आला हे त्या आकड्यातून कळत नाही. चीनमध्ये २००८ मध्ये दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांनी नेमका याचाच फायदा घेतला होता. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतातल्या ३६ प्रथिन पावडरी तपासल्या गेल्या, त्याचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ ७० टक्के पावडरींवर प्रथिनांचा आकडा चुकीचा छापलेला होता आणि काहींत तर छापल्याच्या निम्माच माल होता. त्या पावडरी होत्या, बार नव्हेत. पण बारमधली प्रथिनं पावडरींचीच असतात, आणि ती बाजारातूनच येतात.

आकडा खरा असला तरी सगळी प्रथिनं सारखी नसतात. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, म्हणून स्नायूंसाठी एकटं कोलॅजेन कुचकामी. तरी नायट्रोजन मोजला की त्याचे ग्रॅम व्हेच्या ग्रॅमांबरोबरीने धरले जातात. अमेरिकेत वेष्टनावर प्रथिनांचा दावा केला, की ते प्रथिन किती पचतं आणि शरीराला किती उपयोगी पडतं याचा हिशेब करून रोजच्या गरजेचा टक्का छापावाच लागतो. आपल्याकडे दर खेपेला रोजच्या गरजेचा किती टक्का, हे छापणं ऊर्जा, चरबी, साखर, मीठ यांच्यासाठी सक्तीचं आहे, प्रथिनांसाठी नाही. ज्या एका गोष्टीच्या नावावर माल विकला जातो, तिचाच टक्का सांगायला नको, ही त्रुटी दूर करायला फार अभ्यास लागणार नाही.

ताऱ्यांबद्दलही लिहायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये आपण वेष्टनाच्या पुढच्या बाजूसाठी 'इंडियन न्यूट्रिशन रेटिंग'चा मसुदा काढला, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. त्यावर हरकतींचा पाऊस पडला; पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. ताऱ्यांच्या पद्धतीत साखर, मीठ, संपृक्त चरबी यांचे वाईट गुण आणि प्रथिनं, तंतू, सुकामेवा यांचे चांगले गुण एकत्र करून बेरीज-वजाबाकी होते. प्रोटीन बारसाठी याहून सोयीची पद्धत असूच शकत नाही. थोडं व्हे घाला, थोडे तंतू घाला, चार बदाम घाला, की साखरेचे गुण धुऊन निघतात आणि वर तारे मिळतात. शरीरात अशी वजाबाकी होत नाही. पंधरा ग्रॅम साखर खाल्ली तर पंधरा ग्रॅमच खाल्ली, शेजारी दहा ग्रॅम प्रथिन असो वा नसो. चिलीने २०१६ मध्ये काळे अष्टकोनी शिक्के आणले : साखर जास्त, चरबी जास्त, मीठ जास्त, ऊर्जा जास्त. ज्यावर शिक्का तो पदार्थ शाळेत विकायचा नाही, लहान मुलांना त्याची जाहिरात दाखवायची नाही. मेक्सिकोने २०२० मध्ये तोच मार्ग धरला आणि गोडवा आणणारी रसायनं असलेल्या पदार्थांवर 'मुलांना देऊ नये' अशी ओळही पुढच्या बाजूला घातली. ही पद्धत निरक्षर माणसालाही कळते. तारे पाहून मात्र शिकलेला माणूसही फसेल.

मुलांचा उल्लेख आला म्हणून सांगते. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा आपला २०२० चा नियम आहे. वडापाव आणि वेफर्स त्यात अडकतात. प्रोटीन बार डब्यातून वर्गात जातो, आणि तो आईनेच दिलेला असतो, कारण तिला ते खाणं पौष्टिक वाटतं. तिने त्याऐवजी चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू दिला असता तर ती त्याला गोड खाऊ समजली असती आणि दुसऱ्या दिवशी दुसरं काही दिलं असतं. इथे एक गोष्ट आपल्या अखत्यारीबाहेरची आहे तरी लिहिते : आमच्या राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. ज्या मुलांना एका अंड्याने खरोखर फरक पडला असता, त्यांच्या वाट्याचं ते गेलं. प्रथिनांची एवढी चर्चा चाललेली असताना हे व्हावं, याचा मला संताप येतो.

आपण काही करत नाही असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. एप्रिल २०२४ मध्ये आपण ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलंत की कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही, तेव्हा माल्टची पेयं त्या नावाखाली मांडू नका. जूनमध्ये फळांच्या रसांवरचा '१०० टक्के'चा दावा काढायला लावला. जुलैमध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबी ठळक, मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये साखरेच्या पेयांवर 'ओआरएस' छापायला बंदी केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्यासाठी कित्येक वर्षं एकहाती लढा दिला होता. अशा वेळी नेहमी सांगितलं जातं, की हा मोठा उद्योग आहे, वेळ लागेल. पण 'हेल्थ ड्रिंक', फळांचे रस आणि 'ओआरएस' यांच्या बाबतीत आपण ठरवलंत तेव्हा एका आदेशाने काम झालं.

प्रोटीन बारच्या बाबतीत तेवढंच ठरवायचं आहे. बारसारख्या पदार्थांना 'हाय प्रोटीन' म्हणवून घ्यायचं असेल तर वजनाची आणि ऊर्जेची, दोन्ही कसोट्या त्यांनी पार कराव्यात. त्या 'किंवा'च्या जागी 'आणि' घाला. साखर किंवा संपृक्त चरबी ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर प्रथिनांचा दावाच करता येऊ नये. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये 'हेल्दी' या दाव्याची व्याख्या बदलली, तेव्हा वरून घातलेली साखर, मीठ आणि संपृक्त चरबी यांना अशीच मर्यादा घातली. पुढच्या बाजूला प्रथिनांचे ग्रॅम ज्या आकाराच्या अक्षरांत छापले असतील, त्याच आकारात एका बारमधली एकूण साखर आणि कॅलरी छापायला लावा, आणि इथे एकूण साखरच हवी, 'घातलेली' साखर पुरेशी नाही. जुलाबाची आणि गोडव्यांची सूचना ज्या राज्यात माल विकला जातो तिथल्या भाषेत असू द्या. प्रथिनांचा टक्का गुणवत्तेच्या हिशेबासकट छापायला लावा. आणि ताऱ्यांचा विचार सोडून द्या.

चांगला बार बनवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांना या बदलांचा फायदाच होईल. ज्यांच्या बारात खरोखर वीस ग्रॅम व्हे आणि थोडीच साखर असते, त्यांना आज शेजारच्या गोड वडीशी त्याच दोन शब्दांच्या बळावर स्पर्धा करावी लागते. माझं त्या कंपन्यांशी काही देणंघेणं नाही. पण बार विकत घेणाऱ्यांशी आहे.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनालाही विनंती आहे. पुण्या-मुंबईतल्या व्यायामशाळांच्या काउंटरवर आणि दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांच्या गोदामांतून बारचे नमुने घ्या, छापलेली प्रथिनं आत आहेत का ते तपासा आणि निकाल नावानिशी जाहीर करा. सणासुदीला खव्याचे, तेलाचे, पनीरचे नमुने घेता, तशी ही मोहीमही घ्या. दिवाळीची वाट पाहायची गरज नाही.

यांतल्या काही गोष्टींना मसुदा, हरकती, समिती, राजपत्र असं सगळं लागेल, आणि त्याला वेळ लागतो हे मी समजू शकते. खजुराच्या पेस्टच्या प्रश्नाला यांतलं काहीच लागत नाही. नियम २०१८ पासून छापलेला आहे, त्यातली उदाहरणंही छापलेली आहेत. तिसरी अट खजुराला लागू आहे की नाही, याचा एका पानाचा खुलासा आपण आपल्या संकेतस्थळावर टाकावा. लागू असेल तर 'नो ॲडेड शुगर' छापलेला माल परत घ्यायला कंपन्यांना किती मुदत देणार, तेही त्याच पानावर लिहावं.

आपली विश्वासू,
एक आहारतज्ज्ञ, पुणे